विचारा की! – बँड दिसला, पण कुणाचा?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की रक्तातली प्रथिनं विजेवर पळवून वेगळी करता येतात. त्या एका वाक्यावर या महिन्यात एवढी पत्रं आली की ठरवलेला विषय बाजूला ठेवला. नवीन वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही आणि शास्त्रज्ञही नाही. सांगलीतल्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ३१ वर्षं टेक्निशियन होते. बफर, म्हणजे पीएच ठरावीक ठेवणारी द्रावणं, करायचे, जेलीच्या पातळ वड्या, म्हणजे जेल, ओतायच्या, पोरांनी सांडलेलं पुसायचं आणि मग त्यांच्याबरोबर बँड, म्हणजे प्रथिनाची पट्टी, उमटायची वाट बघत बसायचं, हे माझं काम. उत्तरं देणार ती त्या टेबलापाशी उभी राहूनच.

बाबा ७१ वर्षांचे आहेत. कंबरदुखी आणि थकवा म्हणून तपासण्या झाल्या. ‘सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस’च्या रिपोर्टवर ‘गॅमा भागात एम बँड’ असं लिहिलंय. नेटवर वाचल्यापासून घरात कुणी धड जेवलेलं नाही. यात नेमकं काय बघितलंय? – एक वाचक, कोरेगाव

आधी जेवून घ्या. मग रक्तविकारांच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि ती पुढे ढकलू नका. कंबरदुखी आणि एम बँड एकत्र आले की डॉक्टर नीट तपासतातच. आता रिपोर्टविषयी.

रक्त गोठू दिलं की वर पिवळसर पाणी सुटतं, ते सिरम. त्याचा थेंब जेलीसारख्या अगारोजच्या पातळ थरावर ठेवून वीज सोडतात. बफरचा पीएच ८.६ च्या आसपास ठेवलेला असतो. त्यात बहुतेक प्रथिनांवर ऋण भार येतो आणि ती धन टोकाकडे निघतात. अल्ब्युमिन सगळ्यांत पुढे पळतं. त्याच्या मागे अल्फा-१, अल्फा-२, बीटा. गॅमा मात्र सुरुवातीच्या रेषेपाशीच रेंगाळतं, कधी थोडं मागेही सरकतं. अल्फा-बीटा-गॅमा ही नावं स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांच्या कामातून आली. १९३७ साली त्यांनी हे काम एका खोली भरून टाकणाऱ्या यंत्रावर केलं आणि १९४८ साली त्यांना नोबेल मिळालं. आता तेच काम हातभर लांबीच्या पेटीत होतं.

रंग चढवून मशिनने वाचलं की आलेख निघतो. तो रिपोर्टवर छापलेला असेल, काढून समोर ठेवा. डाव्या हाताचा उंच सुळका अल्ब्युमिनचा. सिरममधल्या एकूण प्रथिनांत निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच. उजव्या टोकाला गॅमा. तिथे तुमच्या-माझ्या रक्तात एक बसका, पसरट उंचवटा असतो, मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरासारखा. पसरट का, तर तिथे असतात अँटीबॉडी, आणि त्या लाखो प्रकारच्या. प्रत्येकीचा भार किंचित वेगळा, म्हणून प्रत्येक जण जरा इकडे, जरा तिकडे थांबते. एम बँड म्हणजे त्या डोंगरावर मध्येच एक खांब उभा राहणं. एकाच पेशीच्या वंशातल्या पेशी वाढल्या आणि सगळ्या मिळून एकच अँटीबॉडी बनवायला लागल्या, तर ती सगळी एकाच जागी थांबते आणि खांब दिसतो.

पण खांब दिसला म्हणजे कॅन्सर, असं नाही. तो मायलोमाचा, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या कॅन्सरचा, असू शकतो, तसाच ‘एमजीयूएस’ म्हणतात त्या, खांब आहे पण आजार नाही अशा, अवस्थेचाही असू शकतो. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका मोठ्या पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या शंभर जणांमागे साधारण तिघांत हा सापडला. त्यातले वर्षाला शंभरात एक जण आजाराकडे सरकतात, बाकीचे नुसते लक्ष ठेवून असतात. तुमचे बाबा कुठल्या गटात आहेत हे या रिपोर्टवरून ना मला सांगता येईल, ना नेटला. त्यासाठी इम्युनोफिक्सेशन, फ्री लाइट चेन (अँटीबॉडीच्या सुट्या हलक्या साखळ्या), लघवीची तपासणी, कॅल्शियम, क्रिएटिनिन, हाडांचे फोटो असं पुढचं सगळं असतं. इम्युनोफिक्सेशनमध्ये हीच पळवापळवी पुन्हा करतात आणि वर एकेका जातीच्या अँटीबॉडीला धरणारं द्रव्य ओततात. मग खांब आयजीजीचा की आयजीएचा, त्याची हलकी साखळी कॅपा की लॅम्डा, ते कळतं.

एक टेबलावरची गोष्ट सांगते, ती डॉक्टरांना जरूर विचारा. रक्त कुठल्या टोपणाच्या नळीत घेतलं होतं? सिरमऐवजी चुकून प्लाझ्मा, म्हणजे न गोठलेल्या रक्तातलं पाणी, गेला, किंवा रुग्णाला रक्त गोठू न देणारं हेपॅरिन चालू असल्यामुळे रक्त पुरतं गोठलंच नाही, तर गोठताना वापरलं जाणारं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन शिल्लक राहतं. ते बीटा आणि गॅमाच्या मधोमध असा काही नेटका बँड देतं की नवखा माणूस त्याला एम बँड म्हणून मोकळा होतो. तुमच्याकडे तसंच झालंय असं मी म्हणत नाही. पण इम्युनोफिक्सेशन केलं की हाही संशय फिटतो.

मॅडम, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वेस्टर्न ब्लॉट करतेय. माझं प्रोटीन ४४ किलोडाल्टनचं असायला हवं. बँड येतो पन्नासच्या आसपास, आणि खाली पंचवीसला एक जास्तीचा. सर म्हणतात, परत कर. चौथ्यांदा करतेय. काय चुकतंय? – एक विद्यार्थिनी, कराड

परत करून काही होणार नाही, बाळ. चार वेळा तोच बँड आला म्हणजे हात तुझा चांगला आहे. चुकतोय तो प्रश्न. बाकी वाचकांसाठी सांगते, वेस्टर्न ब्लॉट म्हणजे प्रोटीनं जेलवर आकारानुसार वेगळी करायची, मेम्ब्रेन नावाच्या पडद्यावर उचलायची, मग हवं ते प्रोटीन धरणारी पहिली अँटीबॉडी घालायची आणि तिला धरून खूण उमटवणारी दुसरी. किलोडाल्टन हे प्रोटीनच्या वजनाचं माप.

तू दोन गोष्टी लिहिल्या नाहीस. सॅम्पल कशाचं आणि अँटीबॉडी कुठल्या प्राण्याची? मी पैज लावते, सॅम्पल उंदराच्या अवयवाचं आहे आणि पहिली अँटीबॉडीही उंदराचीच आहे.

पन्नास आणि पंचवीस ही जोडी मी झोपेतही ओळखेन, कारण तिनं मला एकदा तोंडघशी पाडलंय. २००६-०७ ची गोष्ट. एक मुलगा पीएचडी करत होता आणि त्याचे ब्लॉट मी लावून द्यायचे. उंदराच्या प्लीहेचं सॅम्पल. पन्नासला असा देखणा बँड यायचा की आम्ही फिल्म खिडकीला चिकटवून ठेवली होती. औषध दिलेल्या उंदरात बँड जाड, न दिलेल्यात बारीक. पोराने प्रबंधाचं अर्धं प्रकरण त्यावर लिहिलं. सहा महिन्यांनी पुण्याहून आलेल्या एका बाईंनी चहा पिता पिता विचारलं, “पहिली अँटीबॉडी न घालता कधी केलंय का?” नव्हतं केलं. त्या रात्री केलं. पहिली अँटीबॉडी घातलीच नाही, नुसती दुसरी घातली. बँड तसाच्या तसा, तितकाच देखणा.

झालं होतं असं. दुसरी अँटीबॉडी असते ‘उंदराची अँटीबॉडी दिसली की धर’ या हुकमाची. प्लीहा म्हणजे अँटीबॉडी बनवणारं आगर. उंदराच्या स्वतःच्याच अँटीबॉडी जेलवर दोन तुकड्यांत उतरल्या होत्या, जड साखळी पन्नासला आणि हलकी पंचवीसला. आमचा पहारेकरी त्यांनाच सलाम ठोकत होता. औषधामुळे प्लीहेत अँटीबॉडी वाढल्या, म्हणून बँड जाड. त्या मुलाचं प्रोटीन त्या फिल्मवर कधी नव्हतंच. चूक माझी होती. एक लेन, म्हणजे जेलवरचा एक रकाना, वाचवायची म्हणून कंट्रोल, म्हणजे पहिल्या अँटीबॉडीशिवायची पडताळणी, मीच गाळला होता.

म्हणून पाचव्यांदा करशील तेव्हा मेम्ब्रेन मधोमध काप. एका अर्ध्यावर नेहमीसारखं कर, दुसऱ्यावर फक्त दुसरी अँटीबॉडी घाल. दुसऱ्या अर्ध्यावरही पन्नास-पंचवीस उमटले, तर सशाची पहिली अँटीबॉडी माग. विभागात कुणाकडे तरी असतेच, मागायची लाज वाटू देऊ नकोस.

आणि नाही उमटले तर? तर मग कदाचित तो बँड तुझाच आहे. जेलवर प्रोटीनचं वजन दिसत नाही, त्याची चाल दिसते. सॅम्पल उकळताना आपण एसडीएस घालतो. शाम्पूच्या बाटलीवर सोडियम लॉरिल सल्फेट लिहिलेलं असतं ना, तेच हे. ते प्रोटीनची घडी मोडतं आणि अंगभर चिकटतं, एक ग्रॅम प्रोटीनला साधारण १.४ ग्रॅम. सगळ्यांवर लांबीच्या प्रमाणात सारखाच ऋण भार चढला की जाळीतून लहान लवकर सरकतं आणि मोठं अडकत अडकत येतं. लेमली यांची ही पद्धत १९७० साली छापून आली, आणि आपण आजही तिचाच बफर करतो. पण सगळीच प्रोटीनं एसडीएस सारखं धरत नाहीत. काहींवर साखरेच्या साखळ्या असतात, काही फार आम्लधर्मी असतात, काहींत प्रोलीन हे अमिनो आम्ल खच्चून भरलेलं असतं. अशी प्रोटीनं रेंगाळतात आणि आहेत त्याहून जड दिसतात. पी-५३ या प्रोटीनचं नाव माहीत असेलच. ते त्रेपन्नला दिसलं म्हणून ते नाव पडलं. पुढे जनुक वाचल्यावर खरं वजन निघालं ४३.७! नाव तेच राहिलं. तुझं चव्वेचाळीसचं प्रोटीन म्हणजे हेच तर नाही ना?

बाकी दुरुस्त्या भराभर सांगते. ट्रान्सफर, म्हणजे प्रोटीन पडद्यावर उचलणं, झाला की आधी पॉन्सो हा रंग घालून लाल लेन बघून घे, सगळ्या सारख्या भरल्यात का ते तिथेच कळतं. जेल आणि पडद्याचं सँडविच रचताना काचेची नळी फिरवून बुडबुडा काढ. बुडबुड्याखाली पांढरा गोल राहतो आणि मग पोरं त्याला निष्कर्ष समजतात. फॉस्फेट लागलेलं प्रोटीन शोधत असशील तर ब्लॉकिंगला, म्हणजे पडद्याच्या रिकाम्या जागा झाकायला, दूध पावडर वापरू नकोस, दुधातल्या केसीनवरच भरपूर फॉस्फेट असतं. आणि अँटीबॉडीची छोटी छोटी वाटणी करून ठेव. २०१९ च्या पुरात आमच्या भागातली वीज गेली ती गेलीच. उणे वीसच्या फ्रीजमधून पाणी गळायला लागलं तेव्हा कुठली कुपी कधी उघडली होती हे कुणालाच सांगता येईना. एकेक जुनी अँटीबॉडी पुन्हा तपासण्यात दिवाळी गेली.

याला ‘वेस्टर्न’ का म्हणतात? पूर्वेचा काही आहे का? – एक निवृत्त शिक्षक, सांगली

सर, ही शास्त्रज्ञांची कोटी आहे. एडविन सदर्न यांनी १९७५ साली डीएनए जेलवरून कागदासारख्या पडद्यावर उचलायची रीत दिली, तिला त्यांच्या आडनावावरून सदर्न ब्लॉट म्हणू लागले. मग आरएनएसाठीच्या रितीला कुणीतरी गमतीने नॉर्दर्न म्हटलं. १९७९ साली स्वित्झर्लंडमध्ये टोबिन आणि मंडळींनी प्रोटीन तसंच उचललं. १९८१ साली बर्नेट यांनी त्या रितीला वेस्टर्न हे नाव छापलं. ते सिएटलला होते, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. ‘ईस्टर्न’ नावाने बऱ्याच जणांनी आपापल्या वेगवेगळ्या पद्धती खपवायचा प्रयत्न केला, पण एकमत झालं नाही. पूर्व अजून रिकामीच आहे म्हणा.

आमच्या शाळेत ना जेल आहे, ना मशिन. आठवी-नववीच्या मुलांना प्रथिनं वेगळी करून दाखवायची तर काय करता येईल? – एक शिक्षिका, वाई

तुमच्याकडे दूध आहे ना? मग झालं. मला तर हा प्रयोग ब्लॉटपेक्षाही आवडतो.

गवळ्याकडून कच्चं दूध घ्या आणि ते उकळू नका. हे महत्त्वाचं आहे, का ते पुढे येईल. साय आणि वरचं स्निग्ध जेवढं निघेल तेवढं काढून टाका. शंभर मिली दूध कोमट करा, बोट बुडवलं तर सोसेल इतपत. त्यात व्हिनेगर थेंब थेंब घालत ढवळा. दुधाचा पीएच ४.६ च्या आसपास आला की केसीनवरचा धन आणि ऋण भार सारखा होतो. एकमेकांना दूर ठेवणारं काही उरत नाही आणि गुठळ्या खाली बसतात. घरी दूध नासतं तेव्हा हेच होतं. मलमलच्या फडक्यातून गाळा. फडक्यात उरलं ते केसीन, दुधातल्या प्रथिनांचा सुमारे ८० टक्के भाग. खाली हिरवट पिवळं पाणी, ती निवळी.

आता मुलांना विचारा, निवळीत प्रथिन उरलंय का? वर्गातली निम्मी पोरं नाही म्हणतील, कारण पाणी स्वच्छ दिसतं. मग तीच निवळी उकळा. बघता बघता पांढरे बारीक कण तरंगायला लागतात. आम्लाला न घाबरलेली ही दुसरी टोळी, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन वगैरे. ती उष्णतेनं उलगडते आणि गोळा होते. एकाच भांड्यातली दोन प्रथिनं, एक आम्लाने पाडलं आणि दुसरं तापवून. आमच्या लाखभर रुपयांच्या मशिनीतही याहून वेगळं तत्त्व नसतं. एकात जे आहे आणि दुसऱ्यात नाही ते शोधायचं आणि तिथे चिमटा काढायचा.

दूध आधी उकळलेलं असेल तर हा दुसरा अंक होतच नाही. उकळताना निवळीतली प्रथिनं केसीनला जाऊन चिकटतात आणि मग त्याच्याबरोबरच फडक्यात उतरतात. पनीर करताना आपण दूध उकळतो त्याचा हा फायदाच आहे, पनीर जास्त भरतं. प्रयोगात मात्र तो तोटा. एक वाटी उकळलेल्या दुधाची आणि एक कच्च्याची अशी शेजारी शेजारी केलीत, तर तास संपला तरी पोरं उठणार नाहीत.

शेवटी बाययुरेट करून बघा. सोडियम हायड्रॉक्साइडचं सौम्य द्रावण, त्यात मोरचुदाच्या पाण्याचे दोन-चार थेंब. प्रथिन असेल तिथे निळ्याचा जांभळा होतो. नळी तापवू नका, निवळीत दुधाची साखर आहे आणि ती तांब्याबरोबर वेगळाच लाल-तांबूस घोळ करते. हायड्रॉक्साइड तुम्ही स्वतः ओता, मुलांच्या हातात देऊ नका. आणि दूध कच्चं आहे, तेव्हा प्रयोगातलं काही कुणी तोंडात घालायचं नाही.

जिममधल्या मित्राकडून स्वस्तात प्रोटीन पावडर घेतली. डब्यावर एका चमच्यात २४ ग्रॅम लिहिलंय. घरी तपासता येईल का? – एक वाचक, मिरज

खात्रीनं नाही. पाण्यात विरघळते का, उकळल्यावर गुठळ्या होतात का, असले व्हिडिओ बघू नका.

तो २४ चा आकडा येतो कुठून ते मात्र माहीत असू दे. डेन्मार्कमध्ये कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ साली एक रीत काढली. पदार्थ तीव्र आम्लात उकळायचा, त्यातला सगळा नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं, कारण प्रथिनात सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. दुधासाठी ६.३८ ने गुणतात. रीत पक्की आहे, शंभर वर्षांहून जास्त टिकली. पण ती बघते नायट्रोजनकडे. प्रथिन तिला दिसतच नाही. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते यासाठीच. प्लॅस्टिकच्या उद्योगातल्या त्या पावडरीत दोन तृतीयांश वजन नायट्रोजनचं असतं. पाणी घातलेलं दूध कागदावर कसदार ठरलं आणि सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली.

पावडरीच्या धंद्यात मेलामाइन नसेल, पण ग्लायसीन, टॉरीन यांसारखी स्वस्त अमिनो आम्लं घालून आकडा फुगवता येतो. भाच्याच्या डब्यातली चिमूटभर मी एकदा जेलवर चालवली होती. निवळीचं चांगलं प्रोटीन असेल तर १८ आणि १४ किलोडाल्टनला ठसठशीत बँड यायला हवेत. आले, पण शेजारच्या लेनमध्ये तेवढ्याच वजनाची साधी दूध पावडर होती आणि तिचे बँड एकूण याहून गडद होते! दूध पावडरीत निम्मी साखरच असते, बरं का. मोकळी अमिनो आम्लं इतकी बारीक की जेलमधून केव्हाच निघून जातात, त्यांचा बँड पडत नाही. तुला खरंच जाणून घ्यायचं असेल तर अन्न तपासणाऱ्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये ‘अमिनो ॲसिड प्रोफाइल’ माग. खर्च डब्याएवढाच येईल कदाचित. नाहीतर तेवढ्या पैशांचे चणे आण.

चुलत्यांना उसात घोणस चावली. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि वीस मिनिटं नुसतं बघत बसले. एवढ्या मशिनी असताना विष ओळखायची टेस्ट का केली नाही? चुलते आता बरे आहेत. – एक वाचक, बत्तीस शिराळा

बरे आहेत ना, मग त्या बघत बसणाऱ्याला नारळ द्या. ती विषाचीच टेस्ट होती.

घोणशीच्या विषात अशी एन्झाइम असतात की ती रक्त गोठवणाऱ्या साखळीला उगाच चिमटे काढत राहतात. शरीरभर बारीक बारीक गोठण होतं आणि त्यात फायब्रिनोजेन संपून जातं. हेच ते, वर कोरेगावच्या उत्तरात आलेलं. ते संपलं की नळीतलं रक्त गोठत नाही. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करायची. रक्त वाहिलं तर विष रक्तात काम करतंय. नळी काचेचीच हवी, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या पृष्ठभागामुळे होते. साबणानं धुतलेली नळीही चालत नाही. आमच्या लॅबमध्ये प्रोटीन त्याच्या आकारावरून शोधतात, इथे त्याच्या उद्योगावरून शोधलं, एवढाच फरक.

साप कुठला हे अँटीबॉडीने ओळखणारी किट ऑस्ट्रेलियात निघाली, कारण तिथे सापागणिक वेगळं औषध आहे. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच लस देतात. नाव कळेपर्यंत थांबण्यात अर्थ नसतो. घोड्याच्या रक्तातल्या अँटीबॉडी वेगळ्या काढून ती बनवतात, म्हणजे तिथेही पुन्हा आमचंच गाळण-निवडण आलं. आणि वाचकहो, साप मारून दवाखान्यात घेऊन जाऊ नका. मेलेल्या घोणशीचं तोंडही चावतं.

मुलगी लॅबमधून निळी बोटं घेऊन घरी येते. परवा तिच्या हाताचा निळा रंग माझ्या सिल्कच्या साडीला लागला. तिचा सुती ॲप्रन धुतल्यावर बराच निघाला, साडीचा डाग हलायला तयार नाही. काय लावू? – एक आई, पलूस

तो कूमासी ब्लू. तुमच्या साडीला तो चिकटला यात त्याची चूक नाही, तो त्यासाठीच जन्माला आलाय.

मुळात हा लोकर रंगवायचा रंग. नाव पडलं कुमासी गावावरून, आजच्या घानातलं. इंग्रजांनी १८९६ साली ते घेतलं तेव्हा मँचेस्टरच्या एका रंग कारखान्यानं तो विजय आपल्या डब्यावर चिकटवला. १९६३ मध्ये तो पहिल्यांदा प्रयोगशाळेत प्रथिनं रंगवायला वापरला गेला. का जमलं, तर लोकर म्हणजे प्रथिनच. रेशीमही प्रथिन. आणि बोटाची कातडीही. सूत मात्र झाडाचं, त्यात प्रथिन नाही, म्हणून ॲप्रन सुटला. तुमच्या घरात बसल्या बसल्या प्रथिन ओळखायची चाचणी झाली म्हणायची.

बोटांचं सोडून द्या, वरची कातडी झडली की चार दिवसांत जाईल. तिला हातमोजे घालायला सांगा. रंगासाठी नव्हे, तर जेल ज्यापासून बनते ते ओतण्याआधीचं ॲक्रिलामाइड मज्जातंतूंना वाईट असतं म्हणून. साडीला ब्लीच अजिबात लावू नका, डागाबरोबर रेशीमही जाईल. आम्ही जेलवरचा जादा रंग मेथॅनॉल आणि ॲसेटिक ॲसिडने काढतो. तो प्रयोग मी माझ्या जांभळ्या सिल्कवर करून बसले आहे. डाग फिका झाला, पण पसरला, आणि मूळ जांभळाही थोडा उतरला. तेव्हा ड्रायक्लीनरकडे द्या, त्याला ‘लोकरीचा निळा रंग’ म्हणून सांगा आणि फार आशा ठेवू नका. माझी साडी १९९८ ची. अजून नेसते. पाचव्या निरीत तो डाग बरोबर आत जातो.